लाखाचे दोन हेडफोन, एक डोकं आणि गणपतीतला पाऊस

गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात तेव्हा सोबत काय आणतील नेम नाही. कोणी मिक्सर आणतो, कोणी कुत्रा आणतो, आमच्या मामेभावाने ह्या वेळी दोन हेडफोन आणले. एक त्याचा स्वतःचा, दुसरा मित्राकडून आठवडाभर मागून घेतलेला, आणि दोन्ही लाखाच्या आगेमागे किमतीचे. आपला विकून दुसरा घ्यावा का हे त्याला ठरवायचं होतं, आणि मी आमच्या भजनी मंडळाचा आवाजाचा मिक्सर सांभाळतो म्हणून माझ्या कानावर त्याचा का कोण जाणे भरवसा.

काकीने त्यातला एक उचलून बघितला. "ह्यां काय रे? मोटारसायकलचा हेल्मेट?" किंमत ऐकल्यावर म्हणाली, "लाखात दोन म्हशी येतत मरे."

काकीचा प्रश्न रास्त आहे आणि तो बऱ्याच जणांना पडतो. यूट्यूबवर रिव्ह्यू बघायला जावं तर प्लॅनर, साउंडस्टेज, इम्पिडन्स असले शब्द अंगावर येतात आणि दहा मिनिटांनी माणूस होता तिथेच असतो. म्हणून त्या आठ दिवसांत जे ऐकलं आणि डोक्यावर सोसलं ते साध्या भाषेत लिहितोय.

आधी ह्या दोघांची ओळख

पहिला सेनहायझर एचडी ८०० एस. जर्मन घराणं, १९४५ साली फ्रिट्झ सेनहायझर यांनी सुरू केलेलं. एचडी ८०० हे मूळ मॉडेल २००९ चं, त्याची सुधारलेली आवृत्ती म्हणजे हा एस, २०१६ चा.

दुसरा एलसीडी-एक्स. कंपनीचं स्पेलिंग (Audeze) बघून मी दोन दिवस 'ऑडेझ' म्हणत होतो, मग भावाने सांगितलं की उच्चार 'ऑडिसी'. ही कॅलिफोर्नियाची कंपनी, २०२३ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशनवाल्या कंपनीने ती विकत घेतली. एलसीडी-एक्स २०१३ मध्ये आला आणि २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाली. रेकॉर्डिंग-मिक्सिंग करणाऱ्यांत हा बराच वापरला जातो.

दोन्ही वायरवाले. ब्लूटूथ नाही, बॅटरी नाही, माईक नाही. लाख रुपयात ब्लूटूथसुद्धा नाही हे ऐकून आमच्या पुतण्याचा त्यातला रसच संपला.

आत नक्की हलतं काय

आवाज म्हणजे हवेचं पुढे-मागे होणं, आणि हेडफोनमध्ये ती हवा हलवायला एक पातळ पडदा असतो. ह्या दोघांतला खरा फरक तो पडदा कसा हलवतात ह्यात आहे, बाकीचं सगळं त्यातून येतं.

सेनहायझरचा पडदा नेहमीच्या स्पीकरच्या जातीचा, ज्याला डायनॅमिक म्हणतात. पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं, ते चुंबकापाशी असतं, तारेत करंट गेला की वेटोळं ढकललं जातं आणि सोबत पडदा. ह्यात अडचण अशी की ताणून धरलेल्या चादरीला एकाच जागी ढकललं तर बाकीची चादर थोडी मागून येते, थोडी थरथरते, आणि ती थरथर आवाजात मिसळते. सेनहायझरने त्यावर काय केलं, तर पडदा मालवणी वड्यासारखा केला, मधे भोक असलेला, ५६ मिलिमीटरचा. नुसती कडी असल्यामुळे मधला भाग वेगळाच नाचायचा प्रश्न राहिला नाही.

ऑडिसीचा प्रकार प्लॅनर मॅग्नेटिक. इथे वेटोळंच नाही. अगदी पातळ फिल्म, तिच्यावर सगळीकडे पसरलेली विजेची वाट छापलेली, आणि फिल्मच्या बाजूने चुंबकांच्या पट्ट्या. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढताना कशी सगळी माणसं दोरीला ओळीने लागतात आणि एका लयीत ओढतात, एकट्यावर जोर येत नाही, तसा फिल्मच्या जवळजवळ प्रत्येक भागावर सारखा जोर. पडदाही मोठा, १०६ मिलिमीटर. पण रापणीला माणसं जास्त लागतात तशी एवढ्या मोठ्या पडद्याला चुंबकंही जास्त लागतात, आणि चुंबक म्हणजे वजन. हे वजन लक्षात ठेवा, पुढे मानेवर येणार आहे.

पाठ उघडी कशासाठी

दोन्ही ओपन-बॅक आहेत, म्हणजे कानावरच्या कपाची बाहेरची बाजू बंद नाही, जाळीची आहे. पडदा पुढे कानाकडे आवाज फेकतो तेवढाच मागेही फेकतो, आणि मागे भिंत असली तर तो आपटून परत कानात येतो. बंद खोलीत गाणं आणि उघड्या पडवीत गाणं ह्यात जो फरक तोच. हे खूळ नवीन नाही, सेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ नावाचा असा मोकळा हेडफोन काढला होता.

मोकळेपणाची किंमत अशी की तुम्ही काय ऐकताय ते शेजारच्याला ऐकू जातं, आणि बाहेरचं सगळं तुमच्या कानात येतं. भाद्रपदातला पाऊस, त्यात आमच्या पडवीवर पत्रे. पहिल्या रात्री मी सेनहायझर घातला, आमच्या मंडळात मुख्य गाणाऱ्या बुवांचं रेकॉर्डिंग लावलं आणि अर्धा तास मला पाऊसच ऐकू आला, तोही फार सुंदर डिटेलमध्ये. शेवटी माजघरात कौलांखाली जाऊन बसलो, तिथे जरा बरं. समुद्राला लागून घर असेल, वर पत्रे असतील, घरात माणसं असतील, तर ओपन-बॅक घ्यायच्या आधी तो ऐकणार कुठे आणि किती वाजता हे ठरवा.

ऐकायला कसे वाटतात

मी दोन्हीवर आमच्याच मंडळाचं डबलबारीचं, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याचं, रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात पेटी कुठे होती, पखवाज कुठे होता, कोरसमध्ये कोण बेसूर होता हे मला माहीत होतं, आणि अनोळखी गाण्यावर हेडफोन तपासणं म्हणजे न पाहिलेल्या माणसाचा फोटो चांगला आलाय की नाही ते सांगणं.

सेनहायझरवर पहिल्यांदा जाणवते ती जागा. ह्यालाच रिव्ह्यूवाले साउंडस्टेज म्हणतात, म्हणजे आवाज डोक्यात कोंबल्यासारखा वाटतो की बाहेर पसरलेला. ह्याचा पडदा कानाला चिकटून नाही, जरा लांब आणि पुढच्या बाजूने तिरका बसवलाय, त्यामुळे आवाज बाहेरच्या कानाच्या पाळीवरून, घड्यांवरून फिरून आत जातो. आवाज कुठून आला हे मेंदू त्या घड्यांवरून बरंचसं ओळखतो, म्हणून त्याला वाटतं की गाणारे समोर बसलेत. दशावतार बघायला देवळाच्या पटांगणात मागे, पारावर बसल्यासारखं, सगळा मांडव दिसतोय, कोण कुठे उभा आहे ते कळतंय. कोरसमधले सहा जण मला सुटे सुटे ऐकू आले, आणि बेसूर कोण हे आता पुराव्यानिशी कळलं, नाव सांगत नाही.

एलसीडी-एक्सवर तुम्ही पहिल्या रांगेत, पखवाजाला गुडघा लावून. जागा कमी, पण थाप पडते ती छातीत पडल्यासारखी. खालचा आवाज, ज्याला बास म्हणतो, तो इथे पार तळापर्यंत, २० हर्ट्झपर्यंत सरळ जातो. (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा थरथर, कमी आकडा म्हणजे खर्ज.) सेनहायझरचा साधारण ५० च्या खाली उतरत जातो. पखवाजाची धूम बऱ्यापैकी त्याच्या वरच राहते म्हणून भजनात हा फरक मला वाटला होता तेवढा नाही पडला. पण पुतण्याने विसर्जनाच्या मिरवणुकीत वाजतं तसलं काहीतरी लावलं आणि तिथे सेनहायझर एकदम सडपातळ वाटला. 'काका, ह्यात बास कुठाय?' असं त्याने सरळ विचारलं.

आता दोघांचे दोष. जुन्या एचडी ८०० मध्ये ६,००० हर्ट्झच्या आसपास एक उंचवटा होता, त्यामुळे 'स' आणि 'श' टोचायचे आणि झांज कानात घुसायची. एस मध्ये त्यावर एक युक्ती केली. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठरावीक सुरातच घुमते ना, तशी त्या ठरावीक सुराची छोटी पोकळी आत बसवली, ती तेवढाच आवाज शोषते. टोचणं बरंच कमी झालं, गेलं असं मी म्हणणार नाही. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये टाळ जास्त आहेत, दोन तासांनी मला वरचा आवाज थोडा कमी करावासा वाटला.

एलसीडी-एक्सचा दोष उलट जागी. आपला कान ३,००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज जन्मतःच वाढवून ऐकतो, माणसाच्या बोलण्यातला स्पष्टपणा त्या भागात बराच असतो. हेडफोन थेट कानावर बसतो तेव्हा ती वाढ हेडफोननेच पुरवावी लागते, आणि इथे ती कमी पडते. परिणाम, बुवा एक पाऊल मागे सरकून गातात, पखवाज पुढे. मिक्सरवर मी असतो तर बुवांनी मला भर मांडवात हाक मारली असती.

हे दोष इक्वलायझरने, म्हणजे फोनमधल्या खालचा-मधला-वरचा आवाज वेगवेगळा कमीजास्त करायच्या ॲपने, बऱ्यापैकी काढता येतात. फक्त सेनहायझरमध्ये अगदी तळाचा बास ओढून वाढवायला गेलात तर तो थोडा फाटतो, प्लॅनर मात्र निमूट सहन करतो.

डोक्यावर काय होतं

एचडी ८०० एस वायर सोडून ३३० ग्रॅम. एलसीडी-एक्स ६१२ ग्रॅम. ६१२ ग्रॅम म्हणजे सोललेला मोठा नारळ, तो डोक्यावर ठेवून ताठ बसायचं. ऑडिसीने वर लोंबता रुंद पट्टा दिलाय, भार टाळूवर पसरतो, आणि पहिली वीस मिनिटं काही वाटत नाही. चाळीस मिनिटांनी मान आपोआप पुढे कलते, आणि तासाभरात मी खुर्चीला डोकं टेकायला जागा शोधत होतो. भावाचं म्हणणं आठवड्याने सवय होते. होतही असेल, बैलालाही जोखडाची होते.

सेनहायझरचे कप इतके मोठे की कान आत कुठेच टेकत नाही, आणि गादी मऊ कापडाची, मायक्रोफायबरची. घातलाय हे विसरायला होतं, मी तो घालून चहा आणायला उठलो आणि वायरीने टेबलावरचा तांब्या पाडला.

आणि इथेच मला ह्या सगळ्यातली खरी गोम कळली. लोक विचारतात आवाज कुणाचा चांगला, आराम कुणाचा चांगला, जणू दोन वेगळे विषय. ते वेगळे नाहीतच. सेनहायझरमध्ये कानाच्या बाजूनेही जाळी आहे, म्हणून आत हवा खेळते, कान तापत नाही, आणि त्याच जाळीतून तळाचा बास निसटतो. बास म्हणजे दाब, आणि दाब धरून ठेवायला भांडं बंद लागतं, शिटी नसलेल्या कुकरमध्ये डाळ शिजायला वेळ लागतो तसंच हे. ऑडिसीची जाड गादी कानाभोवती घट्ट बसते, आतली हवा अडते, म्हणून बास तळापर्यंत टिकतो, आणि म्हणूनच आमच्या हवेत वीस मिनिटांत कानामागून घामाची धार लागते. चुंबकांनी जी पकड दिली त्याच चुंबकांनी मान मोडली. म्हणजे ज्याच्यासाठी तुम्ही पैसे देताय तोच त्रास देणार, दोन्हीकडे.

चष्मा असेल तर अजून एक. चष्म्याची काडी गादी आणि डोकं ह्यांच्यात फट पाडते, त्या फटीतून एलसीडी-एक्सचा बास गळतो. मी चष्मा काढून-घालून बघितलं, फरक सरळ ऐकू येतो. सेनहायझर आधीच मोकळा, त्याला फारसं काही होत नाही. रिव्ह्यूवाला बिनचष्म्याचा असला तर त्याने ऐकलेला एलसीडी-एक्स आणि माझा एलसीडी-एक्स हे दोन वेगळे हेडफोन आहेत.

"पण ऑडिसी लावल्यावर सगळं एकदम जिवंत वाटतं की!"

हे भावाचं वाक्य, आणि त्याचं अर्धं उत्तर हेडफोनमध्ये नाही, आवाजाच्या बटणात आहे. बटण एकाच जागी ठेवून त्याने दोन्ही ऐकले. कंपन्यांचेच आकडे घेतले तर सेनहायझर १ व्होल्टला १०२ डेसिबल देतो (डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा त्याचं माप). ऑडिसी १ मिलिवॉटला १०३, त्याचा व्होल्टचा हिशोब केला तर १ व्होल्टला सुमारे १२०. म्हणजे बटण न हलवता ऑडिसी जवळजवळ १८ डेसिबल मोठा वाजतो, आणि १० डेसिबल वाढले की कानाला साधारण दुप्पट वाटतं. मोठा आवाज कानाला नेहमी जास्त भरदार लागतो, कारण हळू आवाजात आपल्याला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय.

म्हणून तुलना करताना दोन्हींचा आवाज आधी सारखा करा. फोनमधलं आवाज मोजायचं ॲप, माईक गादीत धरायचा, एकच सूर वाजवायचा, आकडा जुळवायचा. गावठी पद्धत आहे, पण काहीच न करण्यापेक्षा शंभरपट बरी. आम्ही तसं केल्यावर भाऊ पहिल्यांदा गप्प झाला.

आणि आवाज वाढवायचा मोह आवरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, ९० झाले की फक्त ४ तास.

३०० ओहम म्हणजे वेगळं मशीन लागणार का?

ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा, त्यालाच इम्पिडन्स म्हणतात. सेनहायझर ३०० ओहम, ऑडिसी २०. बागेतल्या पाण्यासारखं समजा. सेनहायझर म्हणजे बारीक नळी, पाणी थोडंच लागतं पण टाकी उंचावर पाहिजे, म्हणजे व्होल्ट जास्त. ऑडिसी म्हणजे माडांना सोडलेला पाट, उंची नको पण पाणी भरपूर पाहिजे. गंमत अशी की ज्याचं वजन जास्त तोच फोनवर सहज वाजतो. फोनला लावायचा चांगला डोंगल, म्हणजे चार्जिंगच्या भोकात घालून हेडफोन जोडायचा छोटा तुकडा, साधारण १ व्होल्ट देतो, त्यावर सेनहायझरही रोजच्या ऐकण्यापुरता वाजतो, पण हळू आवाजात रेकॉर्ड केलेलं शास्त्रीय लावलं तर बटण शेवटाला जातं. तिथे छोटा ॲम्प्लिफायर लागेल, आणि तो लाखाचा असायची काही गरज नाही.

"दहापट पैसे म्हणजे दहापट चांगला ना?"

नाही. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजमापं आणि किमती ताडून बघितल्या, तर कुठला सूर किती वाजतो त्याचा आणि किमतीचा संबंधच सापडला नाही. आवाजाचा समतोल स्वस्तातही मिळतो, महागातही चुकतो. लाख देऊन मिळतं ते वेगळंच, तो जागेचा भास, कोरसमधले सहा जण सुटे ऐकू येणं, बारीकसारीक तपशील. ते खरंच मिळतं, पण पंधरा-वीस हजारांपुढे प्रत्येक पायरी आधीपेक्षा लहान होत जाते.

खोक्यावर लिहिलेल्या ५१,००० हर्ट्झनेही भुलू नका. माणसाचा कान फार तर २०,००० पर्यंत, पन्नाशीत त्याच्याही बराच खाली. वरचं पोफळीतल्या वटवाघळांसाठी.

आणि ज्यांचा बराच वेळ एसटीत किंवा कोकण रेल्वेत जातो त्यांनी ह्या दोघांकडे बघूच नये. ओपन-बॅकमध्ये बोगद्यातली गाडी जशीच्या तशी ऐकू येते. त्यांना नॉइज कॅन्सलिंगवाला, म्हणजे बाहेरच्या गोंगाटाचा उलटा आवाज तयार करून तो मारणारा बंद हेडफोनच बरा, ह्यांच्या चौथाई पैशात.

आमची हवा

हे मुंबई-पुण्याच्या रिव्ह्यूत कधी येत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातल्या चपलेला बुरशी येते, तर लेदरच्या गादीचं काय. माझ्या एका जुन्या, ह्यापेक्षा कितीतरी स्वस्त हेडफोनच्या गाद्या दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटून काळा भुगा झाल्या, सकाळी कानाला बुक्का लावल्यासारखं दिसायचं. कापडी गादी पापुद्रे सोडत नाही, पण घाम आणि खोबरेल पिते. दोन्हींना उपाय एकच, वापरून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, थोडं वाऱ्यावर ठेवा, मग झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद. त्या पुड्या ओल्या झाल्या की बदलायच्या, नाहीतर डबाच दमट होतो. खारी हवा वायरीच्या पिनांवरही बसते, मधून मधून काढून पुसा. नवीन गाद्यांचे पैसे आधीच हिशोबात धरा, कारण दोघांच्याही काही स्वस्त नाहीत.

मग त्याने काय केलं

सेनहायझर त्याचा होता, तो त्याने ठेवला. मी असतो तर मीही तोच ठेवला असता, कारण मी भजन ऐकतो, चष्मा लावतो आणि माझी मान पन्नाशीची आहे. पुतण्याने मात्र एलसीडी-एक्स निवडला असता, त्याला बास पाहिजे आणि मान अजून नवीन आहे.

तुम्हाला घ्यायचाच असेल तर मुंबईला जाल तेव्हा डेमो देणाऱ्या दुकानात आधी फोन करून जा. आपलं पाठ असलेलं गाणं फोनमध्ये घेऊन जा. दुकानदार एसी लावून पाच मिनिटं ऐकवतो, त्यावर जाऊ नका, चाळीस मिनिटं डोक्यावर ठेवायला मागा, नाही म्हणाला तर दुसरं दुकान. आणि चष्मा घालूनच ऐका, घरी घालूनच ऐकणार आहात ना.